जलमग्नांचें प्राणप्रत्यानयन : कांहीं प्राचीन व अर्वाचीन उल्लेख

पाण्यांत बुडून निश्चेष्ट झालेला मनुष्य मेलाच असें न समजतां त्यास पुन्हा सचेत करण्याचा यत्न करावा, ही कल्पना कोठें व कशी वाढत गेली, याचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे. युरोपीय वैद्यकाच्या इतिहासांत या उद्योगाचा आरंभ सामान्यतः १७६७ सालीं आम्स्टरडॅम शहरीं स्थापन झालेल्या संस्थेपासून धरितात. त्या खंडापुरता हा कालनिर्देश बराचसा यथार्थ आहे. परंतु आमच्याकडील संस्कृत ग्रंथांत त्याहून फार जुने असे तीन उल्लेख आढळतात. त्यांपैकीं एक शल्यतंत्रांतील, दुसरा सूतिकागारांतील व तिसरा राजशास्त्रांतील आहे. ते एकत्र ठेवून युरोपांतील वृत्तांताशीं ताडून पाहिले असतां जें दिसतें, तें येथें मांडितों.

आमचा निष्कर्ष आरंभींच सांगणें बरें. बुडालेल्यास वांचविण्यास तीन गोष्टी लागतात. पोटांतील पाण्यापेक्षां श्वासाकडे लक्ष पुरविणें ही पहिली. श्वास परत येईपर्यंत यत्न न सोडणें ही दुसरी. आणि जवळ असणाऱ्यानें धांवून जाणें हें त्याचें कर्तव्य आहे असा नियम असणें ही तिसरी. या तिन्ही गोष्टींचीं बीजें आमच्या ग्रंथांत आहेत. पण तीं निरनिराळ्या शास्त्रांत विखुरलेलीं राहिलीं, एका शेतांत पडलीं नाहींत. युरोपांत तीं अठराव्या शतकांत एकत्र आलीं, आणि तेथेंही त्यांतील मुख्य बीज पुढें सुमारें दीडशें वर्षें मातीखालीं दबून राहिलें.

(१)

हा विषय पुण्याच्या इतिहासाशीं कसा निगडित, असें कोणी विचारील. स्वारगेटच्या चौकांत आज उभे राहणारास पाण्याची आठवण होण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. साताऱ्याकडील व सोलापुराकडील वाटा येथून फुटतात, एस. टी.चें मोठें स्थानक येथें आहे. २०२४ सालापासून भुयारी मेट्रोही येथवर धांवूं लागली आहे. पूर्वीं येथें स्वारांची चौकी असे व त्यावरून स्थळास हें नांव पडलें, असें सांगतात. परंतु हा घोड्यांचा व गाड्यांचा नाका ज्या भूमीवर वसला आहे, तिच्या आसमंतांत पाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगराकडून उतरून पर्वतीच्या बाजूनें मुठेस मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत या ओढ्यास बांध घालून त्याचा प्रवाह वळविण्यांत आला व पर्वतीच्या पायथ्याशीं तळें बांधण्यांत आलें. त्या तळ्यांतील बेटावर १७८४ सालीं सवाई माधवरावांनीं गणपतीची स्थापना केली. तोच तळ्यांतला गणपति होय. पुढें तळें आटवून तेथें सारसबाग झाली. त्याच नानासाहेबांच्या काळीं कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें शहरांत पाणी आणिलें गेलें व ठिकठिकाणीं हौद बांधिले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचें धरण झालें व तेथून निघालेला मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून हडपसराकडे गेला. २०१९ सालीं स्वारगेटास मेट्रोसाठीं खोदकाम चालूं असतां जमिनीखालीं एक जुना बांधीव भुयारी मार्ग उघडा पडला. तो जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग असावा असें मत त्या वेळीं पुढें आलें.

पाणी जसें जवळ आहे तसा त्याचा कोपही जवळ आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेकांठच्या पेठा बुडाल्या, हें पुणेकरांस सांगावयास नको. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या बाजूच्या वस्तींत पाणी शिरलें. त्यानंतर एका वर्षानें, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं, आंबील ओढ्यास अकस्मात् पूर आला व अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत अनेक माणसें प्राणांस मुकलीं. स्वारगेटपासून हीं स्थळें हांकेच्या अंतरावर आहेत. ज्या गांवांत पाणी इतकें उशाशीं आहे, तेथील लोकांनीं बुडालेल्या माणसाचें काय करावें याचा जुना विचार पाहणें हें केवळ कुतूहलाचें काम नव्हे.

(२)

प्रथम शल्यतंत्रांतील उल्लेख पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सत्ताविसावा अध्याय ‘शल्यापनयनीय’ या नांवाचा आहे. शरीरांत रुतलेले बाण, कांटे, अस्थि इत्यादि शल्यें कशीं काढावीं हा त्याचा विषय. अध्यायाच्या उत्तरार्धांत घशांत अडकलेल्या पदार्थांचा विचार येतो आणि त्यालाच लागून बुडालेल्याचा उपचार येतो. ज्याचें उदर पाण्यानें भरलें आहे त्यास डोकें खालीं करून धरावें, दाबावें, हालवावें, ओकवावें, किंवा तोंडापर्यंत राखेच्या ढिगांत पुरावें, असा त्या वचनाचा आशय आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत, अठ्ठाविसाव्या अध्यायांत, हाच उपचार संक्षेपानें सांगितला आहे.

या वचनाचा अर्थ करितांना त्याचें स्थान लक्षांत घेतलें पाहिजे. हा उपचार ज्वरचिकित्सेंत नाहीं, मूर्च्छेच्या प्रकरणांत नाहीं. तो शल्य काढण्याच्या प्रकरणांत आहे. म्हणजे सुश्रुताच्या दृष्टीनें पोटांत गेलेलें पाणी हें बाणाच्या टोंकाप्रमाणेंच एक परकी वस्तु होय, आणि जी परकी वस्तु ती बाहेर काढली कीं काम झालें. डोकें खालीं करणें, दाबणें, हालविणें व ओकविणें हे चारही उपाय या एका विचारांतून सरळ निघतात.

राखेंत पुरण्याचा उपाय मात्र यांत सहजासहजीं बसत नाहीं. राख ओल शोषून घेते हें खरें. पण अंगाबाहेरील राखेनें पोटांतील पाणी निघत नाहीं, हें शल्यविशारदास कळलें नसेल असें मानवत नाहीं. कोरडी राख ऊब धरून ठेविते, आणि पाण्यांतून काढलेलें अंग गार पडलेलें असतें. म्हणून या उपायाचा हेतु अंगास ऊब देण्याचा असावा, असें आम्हांस वाटतें. शिवाय जो मनुष्य हातपाय हालवीत आहे त्यास कोणी गळ्यापर्यंत राखेंत पुरणार नाहीं. तेव्हां हें वचन निश्चेष्ट पडलेल्या माणसास अनुलक्षून आहे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. तथापि तें अनुमानच होय. मूळ वचनांत ‘मृतवत्’ असा शब्द नाहीं, आणि श्वासाविषयीं तर एक अक्षरही नाहीं.

याच ठिकाणीं सुश्रुतानें आणखी दोन प्रसंग सांगितले आहेत. घांस घशांत अडकला असतां त्या माणसास न कळत त्याच्या खांद्यावर मूठ मारावी, असें एक वचन आहे. हात, दोरी, वेल यांच्या फांसानें गळा दाबला गेला असतां वायु कोपून मार्ग रोधतो, लाळ गळते, फेंस येतो, संज्ञा जाते. अशा माणसास तेल चोळून, शेक देऊन तीक्ष्ण शिरोविरेचन द्यावें, असें दुसरें वचन आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गळफांसाच्या बाबतींत मार्ग कोंडणें हेंच संज्ञानाशाचें कारण आहे हें ग्रंथकारानें ओळखलें होतें. बुडालेल्याच्या बाबतींतही कारण तेंच असतें. पण तेथें पोटांतील पाणी डोळ्यांस इतकें ठळक दिसलें कीं, श्वासाचा विचार त्याच्या आड गेला.

(३)

श्वासाकडे ज्यांचें लक्ष गेलें ते लोक शल्यविशारद नव्हते. तें लक्ष सूतिकागारांत गेलें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या, ‘जातिसूत्रीय’ नांवाच्या अध्यायांत, जन्मतःच हालचाल न करणाऱ्या बालकाविषयीं विधि सांगितला आहे. त्याच्या कानांच्या मुळाशीं दोन दगड एकमेकांवर आपटावे, तोंडावर गार किंवा ऊन पाणी शिंपडावें, म्हणजे प्रसूतीच्या क्लेशानें हरपलेले प्राण त्यास परत मिळतात. आणि तरीही तें निश्चेष्टच असेल तर प्राण परत येईपर्यंत त्यास सुपानें वारा घालीत रहावें, असें तेथें म्हटलें आहे.

या विधींतील दगडांचा आवाज व पाण्याचे हबके हे चेतना जागी करण्याचे उपाय आहेत. परंतु आमच्या मतें सर्वांत मोलाचा भाग शेवटचा होय. ‘प्राण परत येईपर्यंत’ ही मर्यादा त्यांत घातली आहे. किती घटका, किती पळें, हें सांगितलें नाहीं. यत्न संपतो तो प्राण आल्यावरच. निश्चेष्ट पडलेलें बालक मेलेलें नसून त्याचे प्राण वाटेंत अडखळले आहेत, ही श्रद्धा त्यामागें आहे. मरण हा एक क्षण नसून एक वाट आहे व त्या वाटेवरून कांहीं काळ माघारीं फिरतां येतें, हा आजच्या शास्त्राचा सिद्धांत. त्याची चाहूल येथें लागते.

मग हीच दृष्टि बुडालेल्या माणसाकडे कां वळली नाहीं? सुश्रुतानें किंवा वाग्भटानें त्या त्या अध्यायांत नवजाताच्या विधीकडे बोट दाखविलेलें नाहीं. आम्हांस याचें कारण असें दिसतें कीं, नवजाताचें काम अनुभवी स्त्रियांच्या हातीं होतें व शल्याचें काम शस्त्र धरणाऱ्या पुरुषांच्या हातीं होतें. एकाच्या अंगणांतील अनुभव दुसऱ्याच्या ओटीवर गेला नाहीं. युरोपांतही असेंच झालें. श्वास न घेणाऱ्या बालकाच्या तोंडांत तोंडानें वारा फुंकणें हें तेथील सुइणींस डॉक्टरांच्या कितीतरी आधीं ठाऊक होतें. डॉक्टरांनीं तें प्रौढ माणसावर करून पाहण्यास अठरावें शतक उजाडावें लागलें.

(४)

तिसरा उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील आहे. कंटकशोधन नामक चौथ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत दैवी संकटांवरील उपायांचा विचार आहे. त्यांत अग्नीनंतर पाण्याचें संकट येतें. नदीकांठच्या गांवकऱ्यांनीं पावसाळ्यांत पुराची सीमा सोडून रहावें. लांकडें, वेळू व नावा जवळ बाळगाव्या. वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, तराफे, ओंडके व दोर यांच्या साहाय्यानें तारावें, असें तेथें सांगितलें आहे. आणि पुढें, जे धांवून जाणार नाहींत त्यांस बारा पणांचा दंड, असा स्पष्ट नियम आहे. ज्यांच्यापाशीं तरण्याचें साधन नाहीं त्यांस मात्र हा दंड लागूं नाहीं.

हा अपवाद पाहण्यासारखा आहे. जो असमर्थ त्यास शिक्षा नाहीं. जो समर्थ असून कांठावर उभा राहतो त्यास शिक्षा आहे. बुडणाऱ्यास तारणें हें येथें पुण्यकर्म म्हणून सांगितलेलें नाहीं. तें न करणें हा अपराध म्हणून सांगितलें आहे. दयेच्या प्रांतांतून ही गोष्ट शासनाच्या प्रांतांत आणिली, हें कौटिल्याचें वैशिष्ट्य होय.

त्याच अधिकरणाच्या सातव्या अध्यायांत अकस्मात् मेलेल्यांच्या परीक्षेचा विषय आहे. अशा प्रेतास तेल लावून त्याची परीक्षा करावी असें सांगून, कोंडून मेलेला, फांशीनें मेलेला, पाण्यांत मेलेला यांचीं निरनिराळीं लक्षणें दिलीं आहेत. गुद व डोळे ताठलेले, जीभ चावलेली, पोट फुगलेलें, असा मनुष्य पाण्यानें मेला असें जाणावें, असा त्या वचनाचा आशय आहे. येथें हेतु घातपात शोधण्याचा आहे, जीव वांचविण्याचा नाहीं. तात्पर्य, कौटिल्याचा राजपुरुष माणसास पाण्यांतून काढण्यापर्यंत येतो व मेल्यावर त्याची परीक्षा करण्यास पुन्हा येतो. या दोहोंच्या मधली जी घटकाभराची वेळ, तिच्याविषयीं त्याचें शास्त्र मौन धरितें. ती वेळ वैद्याची होती, आणि वैद्य पोटांतील पाणी काढण्यांत गुंतला होता.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें १९०५ सालीं आर. शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला. तत्पूर्वीं त्याचा संपूर्ण पाठ विद्वानांच्या समोर नव्हता. म्हणून पेशवाईंतील पुण्यास कौटिल्याचा हा नियम माहीत होता असें गृहीत धरतां येत नाहीं. वाग्भटाची गोष्ट निराळी. महाराष्ट्रांतील वैद्यपरंपरेंत वाग्भटाचें अध्ययन अखंड चालूं होतें. १८८० सालीं अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं अरुणदत्ताच्या टीकेसह अष्टांगहृदय मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापविलें, आणि पुण्याचे डॉक्टर गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’नें तो ग्रंथ मराठी घरांत पोहोंचला. म्हणजे डोकें खालीं करण्याचा व राखेंत पुरण्याचा उपाय परंपरेनें व छापखान्यानें टिकला; धांवून जाण्याचा नियम मात्र कित्येक शतकें पोथींत बांधून राहिला.

(५)

आतां युरोपाकडे वळूं. तेथील जुने उपाय सुश्रुताच्या उपायांहून फारसे निराळे नव्हते. बुडालेल्यास पायांनीं उलटें टांगीत, पिंपावर पालथें घालून पुढेंमागें लोळवीत, घोड्याच्या पाठीवर आडवें टाकून घोडा दुडक्या चालीनें चालवीत. दृष्टि तीच : पाणी बाहेर काढणें. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, बुडून मेलेल्याच्या देहास अधिकारी येईपर्यंत शिवूं नये, त्याचे पाय पाण्यांतच राहूं द्यावे, असा समज कित्येक देशांत रूढ होता. कौटिल्याच्या नियमाच्या हें अगदीं उलट होय.

श्वासाचा विचार तेथें प्रथम शरीरशास्त्रज्ञांनीं केला. १५४३ सालीं व्हेसेलियसनें प्राण्याच्या श्वासनलिकेंत बोरू बसवून त्यांतून वारा फुंकल्यानें मंदावलेलें हृदय पुन्हा चालूं लागतें, असें नमूद केलें. १६६७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें रॉबर्ट हूकनें भात्याच्या वाऱ्यावर कुत्रा जिवंत ठेवून दाखविला. पण हे प्रयोग विद्वत्सभेंतच राहिले. १७३२ सालीं स्कॉटलंडांतील ॲलोआ गांवीं खाणींतील धुरानें गुदमरून निश्चेष्ट झालेल्या एका खाणकामगारास विल्यम टोसाक नांवाच्या शस्त्रवैद्यानें तोंडास तोंड लावून वारा भरून जिवंत केलें, आणि १७४४ मध्यें तो वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढील वर्षीं जॉन फोदर्गिल या डॉक्टरानें त्याचें महत्त्व रॉयल सोसायटीस विशद करून सांगितलें. त्याचा मुद्दा मार्मिक होता : भाता हाताशीं असेलच असें नाहीं, पण तोंड सर्वांस आहे, आणि एका माणसाच्या फुप्फुसांतील वारा दुसऱ्यास बेताचाच जातो, अपाय करीत नाहीं.

याच सुमारास, १७४० सालीं, फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या आज्ञेनें रेओमूर या शास्त्रज्ञानें लिहिलेली सूचना राज्यांत वांटण्यांत आली. बुडालेला मेला असें घाईनें समजूं नये, त्यास ऊब द्यावी, असा तिचा उपदेश होता. परंतु कागद वांटल्यानें माणसें वांचत नाहींत. आम्स्टरडॅमकरांनीं १७६७ सालीं जें केलें तें याहून निराळें होतें. कालव्यांच्या त्या शहरांत लोक वारंवार बुडत. संस्थेनें उपचारांची यादी तर छापलीच. शिवाय बुडालेल्यास वांचविणारास सहा डुकाट किंवा सोन्याचें पदक देण्याचें ठरविलें, आणि देह शिवल्यास सरकारी त्रास होईल ही भीति दूर करण्याचा उद्योग केला.

टॉमस कोगन या डॉक्टरानें त्या संस्थेचे वृत्तांत १७७३ सालीं इंग्रजींत उतरविले. लंडनमध्यें विल्यम हॉस हा वैद्य त्याआधींच स्वतःच्या पदरचे पैसे देऊन बुडालेल्यांचे देह आपणांकडे लवकर आणवीत असे. १७७४ च्या एप्रिलांत या दोघांनीं आपापले पंधरा मित्र एका कॉफीगृहांत जमविले व बत्तीस जणांची संस्था उभी केली. तीच पुढें रॉयल ह्यूमेन सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आली. यत्न करणारास दोन गिनी, यश येणारास चार गिनी, आणि जो खाणावळवाला निश्चेष्ट देह आपल्या घरांत घेईल त्यास एक गिनी, असे तिचे दर होते. शेवटची गिनी किरकोळ वाटेल. पण प्रेत घरांत आणूं देण्यास कोण तयार होतो, हें ज्यास ठाऊक आहे त्यास तिचें मोल कळेल. या संस्थेच्या मुद्रेवर एक बालक विझलेल्या मशालीवर फुंकर घालीत आहे. एखादी ठिणगी अजून दडलेली असेल, हा तिचा भाव. आमच्याकडे राखेखालीं निखारा असतो असें म्हणतात, तीच ही कल्पना.

(६)

तथापि या संस्थांचे सर्वच उपाय हितावह नव्हते. ऊब देणें, अंग चोळणें व तोंडानें वारा भरणें यांच्या जोडीस रक्त काढणें व गुदद्वारानें तंबाखूचा धूर भरणें हेही त्यांत होते. धुराचे भाते थेम्स नदीच्या कांठीं सिद्ध ठेवीत. पुढें १८११ सालीं ब्रॉडी याच्या प्रयोगांनीं तंबाखूचें सत्त्व हृदयास मारक आहे असें दिसून आलें आणि तो उपाय हळूहळू लोपला.

अधिक खेदाची गोष्ट ही कीं, तोंडानें वारा भरणेंही मागें पडलें. प्राणवायूचा शोध त्याच काळचा. उच्छ्वासाचा वारा दूषित असतो असें कळल्यावर, असा उष्टा वारा बुडालेल्यास देण्यांत काय अर्थ, असें पंडितांस वाटूं लागलें. मग भात्यांवर भर आला. १८२७ च्या सुमारास लरॉय या फ्रेंच वैद्यानें भात्यानें फुप्फुसें फाटतात असें दाखवितांच तेही गेले. त्यानंतर मार्शल हॉल याची कुशीवर फिरविण्याची रीत १८५६ मध्यें, सिल्व्हेस्टर याची हात वर ओढण्याची १८५८ मध्यें, शेफर याची पाठ दाबण्याची १९०३ मध्यें व होल्गर निल्सन याची १९३२ मध्यें, अशा एकामागून एक हातांच्या रीती निघाल्या व शिकविल्या गेल्या.

१९५० नंतरच्या दशकांत जेम्स एलम व पीटर साफार या अमेरिकेंतील डॉक्टरांनीं मोजून दाखविलें कीं, या हातांच्या रीतींनीं निश्चेष्ट माणसाच्या फुप्फुसांत पुरेसा वारा जातच नाहीं, कारण जीभ मागें पडून वाट बंद होते. डोकें मागें कलवून तोंडानें वारा भरल्यास मात्र तो जातो. हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो. उच्छ्वासांत तो सुमारें १६ भाग उरतो, आणि तेवढा पुरतो. १९६० सालीं बाल्टिमोर येथील काउवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनीं छातीवर दाब देऊन थांबलेल्या हृदयाचें काम करवितां येतें, हें प्रसिद्ध केलें. अशा रीतीनें ॲलोआच्या खाणीपाशीं जें एकदां सांपडलें होतें, तें दोन शतकांनंतर पुन्हा हातीं आलें.

(७)

आतां सुश्रुताच्या उपायाची आजच्या ज्ञानानें परीक्षा करूं. बुडालेल्याच्या फुप्फुसांत पाणी बहुधा थोडेंच जातें. पोटांत अधिक जातें. पोटांतील पाण्यानें मनुष्य मरत नाहीं, श्वास कोंडल्यानें मरतो. त्यास उलटा धरून पोट दाबल्यास तें पाणी व अन्न घशांत येऊन श्वासमार्गांत उतरण्याचा धोका असतो, आणि ज्या थोड्या क्षणांत श्वास द्यावयाचा ते क्षण फुकट जातात. म्हणून हा उपाय आज त्याज्य ठरला आहे. असें म्हणण्यांत सुश्रुताचा अनादर नाहीं. ॲम्स्टरडॅमच्या धुराचा भाता टाकून देण्यांत जसा हॉस-कोगन यांचा अनादर नाहीं तसाच. सुश्रुतानें निश्चेष्टास टाकून दिलें नाहीं, उपचारास योग्य मानिलें, हें त्याचें श्रेय अबाधित आहे.

हें स्पष्ट लिहिण्याचें कारण आहे. बुडालेल्यास उलटें धरून गरगर फिरविण्याची, पालथ्या घागरीवर पोटावर घालण्याची रीत गांवोगांवच्या लोकांच्या स्मरणांत अद्याप आहे. अलीकडे तर बुडालेला मनुष्य मिठाच्या ढिगांत कांहीं तास पुरून ठेविल्यास जिवंत होतो, असा मजकूर मोबाइलवरून हातोहात फिरला, आणि त्यावर विश्वासून दुःखी आईबापांनीं आपल्या मुलांचे देह मिठांत ठेविल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या. ही समजूत जुन्या राखेच्या विधीची वंशज आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांची परंपरा जोडणारा पुरावा नाहीं. पण अशा समजुतीस कोणी सुश्रुताचा आधार देऊं लागल्यास त्यास सांगितलें पाहिजे कीं, मूळ वचनांत मीठ नाहीं, तासांची गणना नाहीं, आणि तो उपचारही आज टिकणारा नाहीं.

प्राचीनांस सर्वच ठाऊक होतें असें म्हणणारे आणि त्यांस कांहींच ठाऊक नव्हतें असें म्हणणारे, हे दोघेही पोथी उघडून पाहण्याचा त्रास चुकवितात. पोथी उघडली म्हणजे घेण्याजोगें काय व सोडण्याजोगें काय, हें वेगळें करितां येतें. शल्यतंत्रांतील उलटें धरणें सोडावें. सूतिकागारांतील ‘प्राण परत येईपर्यंत’ हा निश्चय घ्यावा. राजशास्त्रांतील धांवून जाण्याचा नियम घ्यावा. ऊब देण्याचा विचारही घ्यावा. ओले कपडे काढून अंग कोरडें व उबदार ठेवणें आजही उपचारांत मोडतें.

उरतें तें एवढेंच, आणि तें कोणासही शिकतां येण्यासारखें आहे. बुडणाऱ्याकडे पोहत जाण्यापूर्वीं दोर, बांबू, रिकामा डबा असें कांहीं त्याच्याकडे टाकावें. कौटिल्याचे भोपळे व पखाली हेंच सांगतात. बाहेर काढल्यावर तो श्वास घेत नसेल तर त्यास पाठीवर निजवून, डोकें मागें कलवून, नाक चिमटींत धरून प्रथम तोंडानें श्वास द्यावे. मग छातीच्या मध्यभागीं मिनिटास शंभर ते एकशें वीस या गतीनें तीस दाब व दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालूं ठेवावा. पोट दाबूं नये. दुसऱ्यानें त्याच वेळीं रुग्णवाहिकेस बोलवावें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका सालीं जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं. त्याच सालीं संयुक्त राष्ट्रांनीं २५ जुलै हा दिवस या मृत्यूंच्या निवारणार्थ नेमिला. पुण्यांत तो दिवस भर पावसाळ्यांत येतो. धरणें भरूं लागलेलीं असतात आणि आंबील ओढ्यास गढूळ पाणी असतें. कौटिल्याच्या काळीं पुराच्या सीमेवरच्या गांवांनीं नावा व वेळू जवळ ठेवावे असा नियम होता. स्वारगेटच्या आसपासच्या शाळांनीं व मंडळांनीं त्या दिवशीं मुलांस एक दोर टाकावयास व एक श्वास द्यावयास शिकविलें, तर त्या नियमाचें आजच्या काळीं यथार्थ पालन होईल, इतकें सुचवून हें टिपण पुरें करितों.